माळ्यावरचे चार टायर

ठाण्याच्या घरचा माळा दिवाळीच्या आधी उपसला, तेव्हा पितळेची घंगाळी, माझ्या भाच्याचा पाळणा आणि दादाची टी-स्क्वेअर अपेक्षेप्रमाणे निघाली. अगदी मागे मात्र जुन्या वर्तमानपत्रांत बांधलेल्या चार गोल वस्तू होत्या. कागद फाडला तर आत काळेकुळकुळीत, एकदाही रस्त्याला न लागलेले टायर. आतल्या बाजूला टाल्कम पावडर भुरभुरवलेली, आणि एका टायरच्या पोटात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं बिल. साल १९९९.

दादा (माझा थोरला भाऊ, २०१९ साली गेला) असाच होता. आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. आता त्या रस्त्याला लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात. रोज येता-जाता कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं फाटक त्याच्या डोळ्यांसमोर असे. तिथे आता फियाट बनणं बंद होणार अशी कुजबुज त्याच्या कानावर आली आणि त्याने गुपचूप चार टायर घेऊन ठेवले. कोणालाही बोलला नाही, वहिनींनासुद्धा.

आमच्या घरच्या मंडळींना ती गाडी ठाऊक आहेच. इतरांसाठी सांगते. १९६८ ची फियाट ११०० डी, जिला लोक डिलाइट म्हणत. दादाने १९७९ साली दुसऱ्या हाताने घेतली. १०८९ सी.सी. चं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. पुढे १९७४ पासून हीच गाडी थोड्याफार फरकाने ‘पद्मिनी’ नावाने विकली गेली, चितोडच्या राणीच्या नावाने. (इतिहास शिकवणारी मी. गाडीला राणीचं नाव द्यावं आणि पुढे तिची टॅक्सी व्हावी, याचं मला तेव्हा फार वाईट वाटे.) २०१२ पासून गाडी झाकूनच होती. भाच्याने मनावर घेऊन इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं करून घेतलं, आणि उरले ते फक्त टायर. जुने टायर तर उभ्या उभ्या बसून गेले होते.

त्यात वहिनींचं सहस्रचंद्रदर्शन आलं. त्यांना विचारलं, काय करायचं? त्या म्हणाल्या, “मला फियाटमधून वाईला घेऊन चला. ढोल्या गणपतीला.” १९७९ साली गाडी घेतल्यावर पहिली फेरी तिथलीच झाली होती. मी तेव्हा साताऱ्याहून एस.टी.ने वाईला आले होते. खंबाटकीत गाडी पंक्चर होऊन मंडळी तीन तास उशिरा पोचली, हा आमच्या घरातला पानिपताइतका ठरलेला विषय आहे.

तर असे माळ्यावरचे टायर निघाले, आणि सगळ्यांना वाटलं, दादानेच सोय करून ठेवली आहे! वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. भाचा मात्र गप्प होता. त्याने एक टायर अंगणात नेला, दोन्ही हातांनी दाबून वाकवला आणि मला हाक मारली, “आत्या, इकडे ये, हे बघ.” बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक रेघा होत्या. दाबल्यावर त्या उघडत होत्या.

मी शाळेत मुलांना सांगत असे की दगडावर जे कोरलेलं आहे ते आधी नीट वाचा, मग अर्थ लावा. टायरच्या बाबतीत हे इतकं खरं असेल हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. टायरच्या अंगावर अख्खा शिलालेख असतो. आमच्या टायरवर होतं ५.२०-१४. पहिला आकडा रुंदीचा, इंचांत, म्हणजे सुमारे १३२ मिलिमीटर. दुसरा रिमचा व्यास, १४ इंच. उंचीचा आकडाच नाही, कारण जुन्या टायरची उंची रुंदीच्या जवळपास तेवढीच असायची, ती वेगळी सांगण्याची गरज नव्हती. आजच्या टायरवर १५५/८० आर १४ असं काहीतरी असतं. इथे रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिम पुन्हा इंचांतच. फ्रेंच आणि इंग्रजी मापं अशी एका ओळीत नांदताना पाहून मला गंमत वाटली. शिवाय २००० सालापासूनच्या टायरवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. आमच्या टायरांवर ते नव्हते. तिथे दादाच्या बिलाची साक्ष कामाला आली.

त्या ‘आर’ अक्षरात खरा इतिहास आहे. टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे, आत दोऱ्यांचे थर असतात. जुन्या पद्धतीत हे दोरे तिरपे, एकावर एक उलट दिशेने घातलेले असत, आपल्या बाजेची नवार विणतात तसे. याला क्रॉसप्लाय म्हणतात. फ्रान्समधल्या मिशलँने १९४६ साली वेगळ्या रचनेचं पेटंट घेतलं. दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आणि वरून पोलादी तारांचा पट्टा. हा रेडियल. क्रॉसप्लायमध्ये बाजू आणि तळ एकाच तुकड्यासारखे हलतात, त्यामुळे वळणावर बाजू कलली की तळही रस्त्यावरून उचलला जातो. रेडियलची बाजू लवते पण तळ सपाट राहतो. पकड चांगली, झीज कमी, गरमही कमी होतो. आपल्याकडे रेडियल १९७७ च्या सुमारास जे.के. टायरने आणले, पण मोटारींत ते रुळायला पुढची बरीच वर्षं लागली. दादाच्या फियाटने जन्मभर क्रॉसप्लायच पाहिले, तेही नायलॉनचे. रात्रभर गाडी उभी राहिली की नायलॉनचा टायर जमिनीकडच्या बाजूला चपटा होई आणि सकाळी पहिले एक-दोन किलोमीटर गाडी धडधडत जाई. दादा म्हणायचा, “जागी होतेय.”

आणखी एक योगायोग सांगते, तो मला फार आवडतो. फियाट हे नाव म्हणजे इटालियन आद्याक्षरं, त्यातला शेवटचा ‘टी’ तोरिनोचा. १८९९ साली त्या शहरात कंपनी निघाली. सिएट या टायरच्या नावातला ‘टी’ही तोरिनोचाच, ती १९२४ साली त्याच शहरात निघाली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर काढली, पुढे फियाटशी करार झाला आणि कुर्ल्यात तोरिनोची गाडी बनू लागली. १९५८ साली सिएट भारतात आली आणि भांडुपला कारखाना निघाला. एकाच इटालियन गावची दोन लेकरं आपल्या मध्य रेल्वेच्या चार-पाच स्टेशनांच्या अंतरात येऊन राहिली! दादा तीस वर्षं त्या दोन्हींच्या मधून ये-जा करत होता. त्याला हे माहीत होतं की नाही, विचारायचं राहून गेलं.

त्या काळी टायरवाल्याकडे मोटारीची मापं मोजकीच. अँबॅसडरला ५.९०-१५, फियाटला ५.२०-१४, हेराल्डला ५.२०-१३. झिजलेले टायर टाकून देण्याची पद्धत नव्हती, वरचा थर पुन्हा चढवून घेत. एम.आर.एफ. ची सुरुवात १९४६ साली मद्रासजवळ फुगे बनवण्यापासून झाली आणि १९५२ मध्ये ते या वरच्या थराच्या रबराकडे वळले, तो याच गरजेमुळे. नवा पूर्ण टायर त्यांनी नंतर केला. पुढे १९८३ च्या डिसेंबरात बारा इंची चाकांची मारुती आली आणि बाजार हळूहळू तिच्या मापाचा झाला. फियाटचं माप टिकवून धरलं ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी. मग टॅक्सीला आधी पंचवीस आणि २०१३ पासून वीस वर्षांची मर्यादा आली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. गिऱ्हाईकच गेलं, तर माप कोण ठेवणार?

तेव्हा आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, माळ्यावरचे टायर चढवायचे. दुसरी, परदेशात जुन्या गाड्यांसाठी जुन्या मापाचे क्रॉसप्लाय अजून बनवतात, ते मागवायचे. गाडी अगदी मूळ रूपात दिसेल, पण खर्च ऐकून भाच्याने हात जोडले. तिसरी, जवळच्या मापाचे रेडियल. दुकानदार म्हणाला, १६५/८० आर १४ घ्या, हॅचबॅकला लागतात, आत्ता देतो. आम्ही वही घेऊन बसलो. १५५ चे ऐंशी टक्के १२४, दोन्ही बाजूंचे २४८, अधिक रिमचे ३५६, म्हणजे जवळपास ६०४ मिलिमीटर. १६५ चं तेच गणित ६२० वर जातं. जुन्या टायरला टेप लावली तर साडेसाठ सेंटिमीटर भरली. म्हणजे १५५ बरोबर. रुंद टायर घेतला असता तर पूर्ण वळवताना आत घासण्याची भीती, स्टिअरिंग आणखी जड आणि फियाटचं ते नाजूक, सायकलीसारखं चाक गेलंच. दुकानदार नाखुशीने म्हणाला, मागवून देतो, आठवडा लागेल.

दोन गोष्टी त्याने न विचारता सांगितल्या, त्याबद्दल त्याचे आभार. एक, चारही एकदम बदला. एकाच आसावर एक रेडियल आणि एक क्रॉसप्लाय कधीही नको, ब्रेक मारला की गाडी कुठे जाईल सांगता येत नाही. दुसरी, रिम जुनी आहे, ट्यूबलेस टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा तिला नाही, म्हणून आत ट्यूब घाला, आणि ती रेडियलचीच.

हे सगळं ठरलं, पण वहिनींना कोण सांगणार? ते काम माझ्याकडे आलं. भाचा म्हणाला, “आत्या, तू शिक्षिका आहेस.” जसं काही शिक्षिकांना हे शिकवतात!

मी हळूच विषय काढला. त्या काही बोलेनात. मग म्हणाल्या, “वन्सं, नव्व्याण्णव साली घरात पैशांची किती ओढ होती तुम्हाला माहीत नाही. मी महिनाभर ह्यांच्याशी भांडत होते की बोनस कुठे गेला. तो हा इथे गेला होता. आणि आता ते वापरायचेच नाहीत?” मला काही उत्तर सुचेना. मी त्यांना अंगणात नेलं आणि टायर वाकवून रेघा दाखवल्या. रबर नुसतं ठेवलं तरी हवेने, उन्हाने कडक होतं, वापराने नव्हे वयाने मरतं, असं काहीबाही सांगू लागले. नव्या दिसणाऱ्या टायरवर खंबाटकीत भरवसा ठेवायचा, तोही तुम्हाला घेऊन, हे भाच्याला जमणार नाही, हेही सांगितलं.

वहिनींनी नखाने एक रेघ खरवडली. रबराचा भुगा नखात आला. बराच वेळ बोट चोळत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कुकरची रिंग मी दोन वर्षांनी टाकते. हे तर पंचवीस वर्षांच्या वरचे.” आणि आत जाऊन चहा ठेवला.

भाच्याने गाडीची नोंदणी साधीच ठेवली आहे, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायची. २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचे नियम आले, पण तशी नोंदणी केलेली गाडी नेहमीच्या वापराला काढता येत नाही. गाडी ठेवायची आणि बसायचं नाही, हे दादाला पटलं नसतं.

जानेवारीत पहाटे निघालो. एक्स्प्रेसवे टाळून जुन्या रस्त्याने खंडाळा चढलो. गाडी पहिल्या मीटरपासून गुळगुळीत चालत होती, अजिबात धडधडली नाही. वहिनी मागे बसल्या होत्या, पनवेलपर्यंत गप्प. मग म्हणाल्या, “ही आज जागी नाही झाली.” भाच्याला कळलं नाही, मला कळलं.

खंबाटकीत घाटाच्या मध्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. इथेच पंक्चर झाली होती म्हणाल्या. मला जागा तीच वाटली नाही, पण वाद घातला नाही. डिकीतली स्टेपनी बघायची होती त्यांना. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे १९०४ च्या सुमारास दोघा भावांनी जादा चाक विकायला सुरुवात केली. इंग्रज तो शब्द विसरले, आपला पंक्चरवाला विसरला नाही.) डिकी उघडली. पाचवा टायरही नवाच होता, १५५ चाच. त्यांनी त्यावर हात ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, “चला, उशीर होईल.”

त्या दिवशी कुठेही पंक्चर झालं नाही. अकरा वाजता आम्ही कृष्णेच्या घाटावर होतो.

माळ्यावरच्या चारांपैकी तीन टायर भाच्याने मधोमध कापून भंगारात दिले, कोणी चुकून गाडीला लावू नयेत म्हणून. चौथा पुन्हा कागदात बांधून माळ्यावर ठेवला आहे. बिल मात्र वहिनींनी काढून घेतलं. ते आता त्यांच्या कपाटात दादाच्या पगाराच्या चिठ्ठ्यांबरोबर आहे. १९९९ च्या बोनसची चिठ्ठीही त्यांना त्यातच सापडली. दोन्ही रकमा ताडून पाहिल्या, म्हणाल्या, “साठ रुपये उरले होते. ते काय केले असतील?”