मूकनायकाचे भांडवल

'स्टार्टअप'च्या नावाने आमच्या महाविद्यालयांतून हल्ली जी व्याख्याने होतात, त्यांत भांडवल असते, बाजारपेठ असते, जिद्द तर पदोपदी असते. जात नसते. त्यामुळे धंदा बुडाला की आमची मुले स्वतःलाच नालायक ठरवून मोकळी होतात. मी इतिहास शिकवतो. अशा मुलांपुढे मी बाबासाहेबांनी तरुणपणी आरंभलेली दोन कामे ठेवतो.

1917 मध्ये बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईत आले. त्यानंतर शेअरबाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी त्यांनी काढली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस. सल्ल्यात उणे काय असणार? गिऱ्हाईक येऊ लागले होते. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि ते फिरकेनासे झाले. पेढी बसली. माल खरा, गरज खरी, तरी दुकान बसते. त्याला व्यवस्थापनशास्त्र काय नाव देते ते मला ठाऊक नाही.

दुसरे काम 'मूकनायक'. 31 जानेवारी 1920 ला पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम या सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक, म्हणून संपादक झाले पांडुरंग नंदराम भटकर. पत्राची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊ करूनही छापली नाही. वाचकापर्यंत जाणारी वाटच दुसऱ्याच्या मालकीची होती! जुलै 1920 मध्ये बाबासाहेब शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. भटकरांच्या जागी ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप आले. 1923 मध्ये पत्र बंद पडले.

पैसा संपला म्हणून पत्र बंद पडले, हे उत्तर मला अपुरे वाटते. पैसा होता तो एका उदार राजाचा. लेखणीही मुख्यतः एकाचीच, आणि तो माणूस सातासमुद्रापार. ज्यांच्यासाठी पत्र काढले त्यांतले बहुतेक निरक्षर. वर्गणी द्यायची ती मजुरीतून वाचवून. अशा समाजात वाचक आयता मिळत नाही, तो घडवावा लागतो.

परत आल्यावर बाबासाहेबांनी क्रम उलटा केला, असे मला दिसते. आधी 1924 ची बहिष्कृत हितकारिणी सभा, मग मार्च 1927 चे महाड, आणि त्यानंतर पंधरवड्यातच, 3 एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'. आता पत्राच्या पाठीशी चवदार तळ्याचे पाणी प्यालेली माणसे होती. तरी ओढाताण चुकली नाही. अंकचे अंक त्यांना जवळजवळ एकट्याने लिहून काढावे लागले आणि 1929 मध्ये तेही पत्र थांबले. (या एकहाती मेहनतीचे गोडवे आपण फार गातो. ती मेहनत त्यांच्यावर का पडली, हे विचारायचे मात्र राहून जाते.)

24 नोव्हेंबर 1930 ला 'जनता' निघाले ते देवराव नाईकांच्या संपादकत्वाखाली. महाडला मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे यांनीही पुढे ते सांभाळले. भारतभूषण छापखाना हाताशी आला. गोलमेज परिषदांसाठी बाबासाहेब लंडनला होते, 1942 पासून चार वर्षे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात दिल्लीला होते. 'जनता' मुंबईत निघतच राहिले. 4 फेब्रुवारी 1956 ला त्याचेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाले.