तारेतून आलेलं गाणं

घरातला संगणक आणि दिवाणखान्यातला स्टिरिओ यांची गाठ घालून देणारी वायर फार तर दोन मीटरची. एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन, ती संगणकात जाते. दुसऱ्या टोकाला तांबडी आणि पांढरी अशा दोन पिना, त्या ॲम्प्लिफायरमध्ये. पण मित्रहो, या वायरीचं घराणं जुनं आहे. साडेतीन मिलिमीटरची पिन ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरत त्या जाड पिनेची धाकटी बहीण. तांबड्या-पांढऱ्या पिनांची घडण अमेरिकेतल्या आरसीए कंपनीची, १९३०च्या दशकातली.

तारेतून गाणं ऐकण्याची कल्पना तर त्याहूनही जुनी. १८८१ साली पॅरिसच्या वीज प्रदर्शनात क्लेमाँ आदेर या अभियंत्यानं ऑपेरागृहाच्या रंगमंचापासून तारा टाकल्या. प्रेक्षक दोन कानांना दोन रिसीव्हर लावून तिथलं गाणं दूर बसून ऐकू लागले. १८९० मध्ये ‘थिएट्रोफोन’ नावाची कंपनीच निघाली. वर्गणी भरा आणि घरबसल्या ऑपेरा ऐका! पुढं रेडिओ आला, ग्रामोफोन घरोघरी गेला आणि १९३२ साली ती सेवा बंद पडली. वर्गणीदाराच्या हाती उरलं ते मुकं यंत्र. ग्रामोफोनवाल्याकडे मात्र तबकडी होती.

संगणकात गाणं शिरलं ते एमपी-थ्रीमुळे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत हे तंत्र घडलं. १९९५ साली त्याला हे नाव मिळालं. पाच मिनिटांचं गाणं सीडीवर पन्नासेक मेगाबाइट जागा खातं, ते पाच मेगाबाइटमध्ये मावू लागलं. माझ्या कॅसेटींचा कप्पा मुलानं असाच संगणकात उतरवला. पण गाणी आतल्या खोलीत आणि चांगले स्पीकर बाहेर! मधे लांब वायर ओढली, तर आवाजात विजेची गुणगुण मिसळायची आणि गाणं बदलायला प्रत्येक वेळी उठावं लागायचं.

ही अडचण हेरली कॅलिफोर्नियातल्या स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीनं. २००१ साली तिनं ‘स्लिमपी-थ्री’ नावाची डबी काढली. गाणी संगणकातच राहायची. नेटवर्कच्या वायरीतून ती डबीत यायची आणि डबीतून स्टिरिओत. हातात रिमोट. २००३ मध्ये आलेल्या ‘स्क्वीझबॉक्स’ला वायरीऐवजी बिनतारी जोडणीही चालू लागली. २००४ मध्ये ॲपलनंही स्टिरिओला जोडता येणारं आपलं यंत्र आणलं.

मला महत्त्वाची वाटते ती पुढची कथा. २००६ साली लॉजिटेक या मोठ्या कंपनीनं स्लिम डिव्हायसेस विकत घेतली. २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्सचं उत्पादन थांबवलं. २०२४ मध्ये त्यासाठीची इंटरनेट सेवाही गुंडाळली. थिएट्रोफोनसारखी या डब्याही मुक्या व्हायच्या. पण झाल्या नाहीत. कारण संगणकातून गाणी पाठवणारा प्रोग्राम पहिल्यापासून खुला होता. कोणीही तो वाचावा, दुरुस्त करावा. वापरणाऱ्यांनीच तो सांभाळला. २०२४ पासून तो ‘लिरिअन’ या नावानं चालतो आहे. वीस वर्षांपूर्वीची डबी आजही गाते.

आज आपण पुन्हा वर्गणी भरून गाणी ऐकतो. त्यात गैर काही नाही. एवढा मोठा खजिना आमच्या पिढीनं स्वप्नातही पाहिला नव्हता. पण वर्गणी संपली की तो बंद होतो, आणि कंपनीचा करार संपला की आवडतं गाणं यादीतून एका रात्रीत नाहीसं होऊ शकतं. म्हणून ज्या गाण्यांवर आपलं आयुष्य निघालं, ती तरी विकत घेऊन आपल्याच संगणकात ठेवावीत आणि तिथून स्टिरिओला जोडावीत, असं मी घरी सांगत असतो. वायर जुनी चालेल, गाणं आपल्या ताब्यात हवं.