फितीचा सांधा

चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकास फितीचा सांधा दिसता कामा नये, हा चित्रपटधंद्यातील जुना दंडक. एक दृश्य संपून दुसरे सुरू होते त्या जागी कोणीतरी कात्री चालविली आहे, याची शंकाही त्याला येऊ नये. ज्याचे काम कोणाच्या लक्षात येत नाही तोच उत्तम संकलक, असे मानीत. काही मंडळींनी मात्र हा दंडक जाणूनबुजून मोडला. त्यांच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

सांधा जुळतो कसा, ते आधी पाहू. सेल्युलॉइडच्या पारदर्शक फितीवर एका बाजूस रासायनिक लेप असतो. चित्र त्या लेपात असते. दोन तुकडे जोडावयाचे तर एकाच्या टोकावरील चिंचोळ्या पट्टीपुरता लेप पात्याने खरवडावयाचा, उघड्या जागेवर कुंचल्याने फिल्म-सिमेंट फिरवावयाचे आणि दुसऱ्या तुकड्याचे टोक त्यावर दाबून धरावयाचे. हे सिमेंट म्हणजे खळ किंवा डिंक नव्हे. ते सेल्युलॉइडलाच विरघळविते आणि दोन्ही टोके एकमेकांत मिसळून वाळतात. कमी खरवडले तर सांधा सुटतो, जास्त खरवडले तर फीत तेथेच तुटते. शिवाय टोकावर टोक चढत असल्याने, एकदा जोडलेले उकलून पुन्हा जोडावयाचे म्हणजे एखादी चौकट कायमची गमवावयाची. मन बदलण्याची किंमत अशी रोख मोजावी लागे.

ही किंमत ध्यानात घेतली म्हणजे १९२९ सालच्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' या सोव्हिएत मूकपटाचे धाडस कळते. दिग्दर्शक झिगा व्हेर्तोव्ह, छायाचित्रकार त्याचा भाऊ मिखाईल काउफमान आणि संकलक त्याची पत्नी येलिझावेता स्विलोव्हा. तासाभराहून थोड्याच अधिक वेळाच्या या चित्रपटात दीड हजारांहून अधिक तुकडे आहेत. काही तर एकेका चौकटीचे. आणि ३५ मिलिमीटरच्या फितीवर एक चौकट म्हणजे उंचीला जेमतेम पाऊण इंच!

चित्रपट ऐन रंगात आला असता गाडीचा धावता घोडा एकाएकी पडद्यावर थिजतो. मग काही चेहरे तसेच निश्चल दिसतात. लगेच फीतच समोर येते, आणि ती हाताळणारी स्विलोव्हा. ती चौकटी न्याहाळते, कात्री लावते, गुंडाळ्या फळीवर लावून ठेवते. आणि फितीवर निर्जीव वाटलेली मुले पडद्यावर हसू लागतात. सबंध चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक जागा मला हीच वाटते. तरीही व्हेर्तोव्हचे नाव जगभर झाले आणि स्विलोव्हा पुष्कळ काळ 'दिग्दर्शकाची पत्नी' एवढीच राहिली. १९५४ साली तो वारल्यावर त्याचे कागदपत्र जतन करण्यात तिने उरलेले आयुष्य वेचले. आपल्याकडेही १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची गोष्ट निघाली म्हणजे दादासाहेब फाळके आठवतात. कच्च्या फितीच्या कडांना अंधारात छिद्रे पाडणाऱ्या सरस्वतीबाई किती जणांस आठवतात?

पुढे एकट्याने, पदरच्या पैशाने चित्रपट करणाऱ्यांच्या हाती १६ मिलिमीटरची स्वस्त फीत आली. पण येथे सांधा अधिकच नडला. चौकट लहान, दोन चौकटींमधील जागा नाममात्र. त्यामुळे खरवडलेली रेघ थेट चित्रात येई. यावर तोड निघाली ती बुद्धिबळाच्या पटासारखी. पहिले दृश्य एका गुंडाळीवर, दुसरे दुसऱ्या गुंडाळीवर, तिसरे पुन्हा पहिलीवर. मधल्या जागा काळ्या फितीने भरावयाच्या. खरवडणे काळ्या भागाखाली झाकले जाई, आणि प्रयोगशाळेत दोन्ही गुंडाळ्या एकामागून एक एकाच फितीवर छापल्या की सांधा नाहीसा! फेलिनीचा संकलक लेओ कातोझ्झो याने तर पारदर्शक चिकटपट्टी लावून त्याच दाबात छिद्रे पाडणारे यंत्रच तयार केले. आता टोकाला टोक भिडवून जोडता येऊ लागले. चौकट गमावण्याची धास्ती संपली.

आणि गंमत अशी, की सांधा लपविणारी ही चिकटपट्टीच एकाने चित्रपट म्हणून पुढे केली. अमेरिकेतील स्टॅन ब्रॅकेज याने १९६३ साली 'मॉथलाइट' केला. हाती पैसा नव्हता. दिव्यावर येऊन मेलेल्या पतंगांचे पंख, पाकळ्या, गवताची पाती त्याने छिद्रांच्या दोन चिकटपट्ट्यांमध्ये दाबून बसविली आणि प्रयोगशाळेतून त्याची प्रत छापून घेतली. कॅमेरा मुळी वापरलाच नाही. तीन-चार मिनिटांचा हा चित्रपट म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत एकच लांबलचक सांधा. पंखांच्या शिरा पडद्यावर झरझर सरकतात आणि मेलेला पतंग पुन्हा उजेडाभोवती फडफडल्याचा भास होतो.

संग्रहालयांतील जुन्या फिती बाहेर काढल्या असता कित्येकदा सिमेंट सुकून सांधे सुटलेले आढळतात. नवी प्रत करण्यापूर्वी तेथील मंडळी फीत हळूहळू उलगडतात, प्रत्येक जोड बोटांनी चाचपतात, आणि जेथे तो निसटला असेल तेथे एकही चौकट न गमावता पुन्हा जुळवितात.