फळी उभी चिरताना पाचर कुठे गेली?

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ रत्नागिरीचा किनारा घासून गेलं तेव्हा आमच्या पडवीवर आंब्याची फांदी पडली. कौलं फुटली, चार-पाच रिपा मोडल्या. टाळेबंदीचे दिवस. वखार बंद, सुतार मिळेना. माळ्यावर फणसाची एक आठ फुटी फळी पडून होती आणि चुलतभावाकडे सर्क्युलर सॉ होती, म्हणजे गोल पात्याची हातात धरून चालवायची विजेची करवत. मी नुकतीच पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेले. एक फळी उभी चिरून तिच्या रिपा काढायच्या, त्यात काय अवघड?

दोन खुर्च्यांवर फळी टेकवली, पेन्सिलीने रेघ मारली आणि सुरू केलं. अडीच-तीन फूट काप गेला असेल. यंत्राचा आवाज एकदम बसला आणि पुढच्याच क्षणी ते उसळून माझ्या अंगावर आलं. मांडीपासून वीतभर अंतरावरून गेलं, स्वतःचीच वायर कापली आणि पडवीच्या जमिनीवर आपटलं. आजोबा झोपाळ्यावर होते. ते ओरडले नाहीत. उठून आले, फळी पाहिली आणि एवढंच विचारलं, "पाचर कुठाय?"

फळी मीही पाहिली. करवतीने दोन-अडीच मिलिमीटर रुंद चीर पाडली होती. पण जिथून काप सुरू केला होता तिथे चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या होत्या. मधली जागाच नाहीशी झालेली. माझ्या पीएच.डी.चा विषय, म्हणजे लाकडातले अंतर्गत ताण, त्या कडांमधून निघाला हे मला फार नंतर कळलं. आज मात्र सिद्धांत बाजूला ठेवते आणि आजोबांच्या प्रश्नाचा इतिहास सांगते. तुमच्यापैकी जे "विषय कसा निवडायचा" असं विचारत असतात, त्यांनाही यात काही सापडेल.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या. लाकूड आडवं कापणं आणि उभं चिरणं ही दोन वेगळी कामं आहेत. माडाच्या हिरांची घट्ट बांधलेली केरसुणी डोळ्यांसमोर आणा. ती आडवी तोडली की टोक गळून पडतं, पात्याचा आणि त्याचा संबंध संपतो. तीच लांबीत विभागायला गेलात तर दोन्ही भाग शेवटपर्यंत पात्याच्या दोन बाजूंना उभे राहतात. ते फाकू शकतात, पिळू शकतात, पुन्हा जवळही येऊ शकतात. जिवंत झाडात खोडाचा बाहेरचा थर ताणलेला असतो आणि गाभा दाबलेला. तोडलेलं लाकूड वाळताना त्यात आणखी ताण भरतात. काप गेला की हा सगळा तोल बिघडतो. मॅक्स जेकब्स या ऑस्ट्रेलियन वनशास्त्रज्ञाने निलगिरीसारख्या झाडांवर काम करून 1945 मध्ये याची सविस्तर मांडणी केली. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात त्याचा निबंध आहेच.

पण लाकूड मिटतं हे माणसाला 1945 मध्ये कळलं नाही. पुरावा तुम्ही लहानपणीच ऐकलाय. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रातली पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट आठवते? देवळाचं बांधकाम चालू आहे. सुतार दुपारी जेवायला जातात. अर्धवट चिरलेल्या खांबात एक पाचर ठोकून ठेवलेली आहे. माकड फटीत बसून ती उपटतं, फट मिटते आणि माकड मरतं. "नसती उठाठेव करू नका" हे तात्पर्य आपण पाठ केलं आणि लाकडाकडे लक्षच दिलं नाही. संस्कृत कथेत ही पाचर खैराची आहे. आपल्या कोकणात कातासाठी तोडतात तो खैर, कठीण आणि चिवट. सांगणाऱ्याला सुतारकाम जवळून माहीत होतं, हे त्या एका शब्दावरून दिसतं.

ही गोष्ट किती जुनी? मूळ पंचतंत्राची तारीख कुठे लिहिलेली नाही. पण इराणचा राजा खुस्रो पहिला याच्या काळात, म्हणजे 531 ते 579 च्या दरम्यान, त्याचं पहलवी भाषांतर झालं. म्हणजे मूळ त्याआधीचं. तारीख मिळत नसेल तर "याच्या आधीचंच" अशी खालची कड पकडायची, ही युक्ती संशोधनात वारंवार लागते. पहलवीतून आठव्या शतकात अरबी 'कलीला व दिम्ना' झालं. त्यात माकड सुताराला दोन पाचरी आलटून-पालटून वापरताना बघतं: एक पुढे ठोकायची, मग मागची काढायची. हे तर चक्क कामाचं वर्णन आहे!

इथे एक काटेकोर भेद करायला हवा, नाहीतर माझे मार्गदर्शक मला सोडणार नाहीत. लाकूड फोडताना पाचर हेच हत्यार असतं. तीच तंतू वेगळे करते आणि तिनेच फाकवलेले भाग ती काढताच मिटतात. करवतीने चिरताना कापायचं काम दात करतात आणि पाचर फक्त चीर उघडी ठेवते. कथेतलं लाकूड पहिल्या प्रकाराच्या जवळचं आहे. पण धोका एकच: मिटणारी फट आणि मध्ये अडकलेलं काहीतरी.

आजोबांच्या लहानपणी गावात फळ्या हातानेच पडत. ओंडका उंच घोडीवर चढवायचा, कावेत बुडवलेलं सूत ताणून त्यावर रेघ उमटवायची आणि दोघांनी मोठी करवत ओढायची, एकाने वर उभं राहून, दुसऱ्याने खाली. खालच्याच्या डोळ्यांत भुसा. हात-दीड हात काप गेला की पाचर. जपानी चित्रकार होकुसाईने 1830 च्या सुमाराला फुजी पर्वताच्या चित्रमालेत असेच आरेकाम करणारे रंगवलेत. तिरक्या उभ्या केलेल्या अजस्र तुळईवर एक जण, खाली दुसरा. या कामात पाचर विसरली तर काय व्हायचं? करवत अडकायची. दोघं शिव्या घालायचे, पाचर ठोकायचे आणि पुन्हा ओढायला लागायचे. वेग इतका कमी की चुकीला शिक्षा नव्हती, फक्त उशीर होता.

वेग आला तो यंत्रांनी, आणि तोही सुखासुखी नाही. लंडनच्या लाइमहाउस भागात चार्ल्स डिंग्ली याने पवनचक्कीवर चालणारी लाकूड गिरणी उभारली, तर 1768 च्या मे महिन्यात हातकरवतीवर पोट असलेल्यांनी ती मोडून टाकली. ती गिरणी गोल पात्याची नव्हती. गोल पात्याचं पेटंट पुढे 1777 मध्ये साउथॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरला मिळालं. तुम्ही नेटवर शोधलंत तर मात्र वेगळंच नाव पुढे येईल: अमेरिकेतल्या शेकर पंथाची टॅबिथा बॅबिट, साल 1813. दोघं जण करवत ओढताना परतीची अर्धी मेहनत वाया जाते हे तिने पाहिलं आणि चरख्याला गोल पातं लावलं, अशी ती कथा. कथा सुंदर आहे, मलाही आवडते. पण तिने पेटंट घेतलेलं नाही आणि मिलरचं पेटंट 36 वर्षं आधीचं आहे. तिने ते स्वतंत्रपणे सुचवलं असेल. पहिलं म्हणता येत नाही. सुंदर गोष्ट दिसली की आधी तारखा लावून बघायची सवय लावून घ्या.

एकोणिसाव्या शतकात वाफेवरच्या लाकूड गिरण्या मौलमीन आणि रंगूनला उभ्या राहिल्या आणि ब्रह्मदेशातला साग जगभर जाऊ लागला. त्या सागाचा रत्नागिरीशी संबंध तुम्हाला माहीत असेलच. 1863 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ओंडके कमी दाखवून नेले असा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबाराने 1885 मध्ये तिला जबर दंड केला. इंग्रजांना युद्धाला निमित्त मिळालं. राजा पदच्युत झाला आणि 1886 मध्ये आपल्या गावी आणला गेला. 1916 मध्ये इथेच वारला. थिबा पॅलेसला गेलात तर तिथलं लाकूडकाम बघताना हा दंड आठवा.

त्याच 1886 साली युल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश निघाला. त्यात कौलांखालच्या पट्ट्यांसाठी 'रीपर' असा शब्द आहे आणि संपादकांना त्याचा उगम सापडला तो मराठी कोशात: रीप. इंग्रजीत लाकूड उभं चिरण्याला 'रिप' म्हणतात, पण तेवढ्यावर नातं जोडू नका. मी जोडलं होतं, अख्ख्या एका सेमिनारमध्ये.

आता पाचरीकडे. गिरणीतलं गोल पातं मिनिटाला शेकडो, हजारो फेरे घेतं. चीर मिटून मागचे दात आवळले गेले की लाकूड पात्याबरोबर उचललं जातं आणि चालवणाऱ्याच्या दिशेने फेकलं जातं. इथे दर हातभर कापानंतर पाचर ठोकायला कोण थांबणार? म्हणून पाचर यंत्रालाच जोडली गेली. पात्याच्या मागे, त्याच रेषेत, दात नसलेली एक पोलादी पट्टी, म्हणजे रिव्हिंग नाइफ. जाडी पात्याच्या अंगापेक्षा जास्त, चिरेपेक्षा कमी. चीर मिटू पाहते ती या पट्टीवर मिटते. ब्रिटनमध्ये 1922 च्या लाकूडकाम यंत्रांच्या नियमांनी ती बंधनकारक केली. आपल्याकडे महाराष्ट्र कारखाने नियम, 1963 यांतही लाकूडकामाच्या यंत्रांसाठी तशी तरतूद आहे.

म्हणजे प्रश्न सुटला? कारखान्यात, कागदावर तरी, हो. पण तोपर्यंत करवत कारखान्यातून बाहेर पडली होती. न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड मिशेलने उसाच्या कोयत्याला मोटर जोडण्याच्या खटपटीतून हातात धरायची विजेची करवत बनवली आणि 1924 मध्ये तिची कंपनी निघाली. तीच पुढे स्किल. मेजावरच्या यंत्रात पातं जागेवर असतं आणि लाकूड हलतं. इथे उलट. मागचे दात आवळले की लाकूड जागेवर राहतं आणि यंत्रच उसळून तुमच्याकडे येतं. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या अशा बऱ्याच यंत्रांना ती मागची पट्टी नसते. कारखान्याचे नियम तर घराच्या पडवीला लागूच होत नाहीत. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या सुताराकडे जी पाचर होती ती माझ्या यंत्राला नव्हती, आणि मला ती नसल्याचं माहीतही नव्हतं.

आकडे बघा. 185 मिलिमीटरचं पातं मिनिटाला 5,000 फेरे घेतं असं धरा. दचकल्यावर हात हलवायला तुम्हाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात 24 दातांचं ते पातं जवळजवळ 17 वेळा फिरतं, म्हणजे 400 दात त्या जागेवरून जातात. "मी सावध असते" या वाक्याला इथे काही अर्थ नाही. त्याहून वाईट म्हणजे मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून फळ्या चिरणं, जे आपल्याकडे सर्रास चालतं. तो 12-13 हजार फेऱ्यांचा असतो. 110 मिलिमीटरच्या पात्याची कड ताशी सुमारे 270 किलोमीटरने धावते, आणि खालून पातं आपोआप झाकणारं कव्हर त्याला नसतं. उभ्या कापासाठी तो हातात घेऊच नका.

पावसाळा तोंडावर होता, म्हणून त्या फळीच्या रिपा आम्ही नंतर पाडल्याच. आजोबा सांगत होते, मी करत होते. खुर्च्या काढल्या. जमिनीवर चार आडव्या पट्ट्या टाकल्या, फळी त्यावर पूर्ण लांबीभर टेकली, म्हणजे चिरल्यावर दोन्ही भागांना खाली आधार. पातं उभ्या कापाचं, कमी दातांचं आणि धारदार. बोथट पातं तापतं आणि अडकतं. खोली फळीच्या जाडीपेक्षा तीन-चार मिलिमीटरच जास्त ठेवली. रेघेला समांतर एक सरळ पट्टी शिकंज्यांनी आवळली, कारण हात जरा वाकडा झाला तरी पातं चिरेत आवळतं. डोळ्यांवर चष्मा, सैल बाह्या नाहीत, हातमोजे नाहीत. ते पात्यात ओढले जातात. दोन्ही हात यंत्रावर, आणि उभं राहायचं कापाच्या रेषेत नाही, तिच्या बाजूला. खालचं कव्हर खिळा लावून वर अडकवून ठेवण्याची काहींना सवय असते. आजोबांनी ते आधी तपासलं.

फूटभर काप झाला की बटण सोडायचं, पातं पूर्ण थांबेपर्यंत यंत्र चिरेतच स्थिर धरायचं, मग बाजूला घ्यायचं. फिरतं पातं मागे ओढायचं नाही. मागे ओढताना हमखास उसळतं. आणि मग चिरेत पाचर. जोरात ठोकायची नाही, फळी फुटेल; चीर तिच्या मूळ रुंदीवर राहील एवढीच, हाताने दाबून. पुढे आणखी फूटभर, दुसरी पाचर. मध्ये आवाज बसल्यासारखा वाटला की जोर लावायचा नाही, बटण सोडायचं.

आठ फुटांना सहा पाचरी लागल्या, कारण एका जागी लाकूड जास्तच मिटत होतं आणि तिथे आजोबांनी दोन घालायला लावल्या. पाचरी त्यांनीच कोयत्याने तासल्या होत्या, परसातल्या खैराच्या वाळक्या फांदीच्या. मी विचारलं, खैरच का? म्हणाले, "दुसरं लाकूड चेपतं."