सराटा, परीक्षानळी आणि गर्भवतीची मूत्रपिंडे

१/ पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी पायी येणाऱ्यांना सराटा म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. माळावर पसरणारी वेल आणि तळपायात रुतणारी तिची काटेरी फळे. संस्कृतात हिला गोक्षुर किंवा श्वदंष्ट्रा म्हणतात. गर्भारपणात मूत्रपिंडे काय करतात, हे माणसाला कसे उमगले, याचा इतिहास या काट्यापासून सुरू करता येतो.

२/ सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीसाठी महिनावार आहार दिला आहे. सहाव्या महिन्यात गोक्षुराने सिद्ध केलेले तूप किंवा पेज द्यावी, असे तो सांगतो. चरकसंहितेत हीच वनस्पती मूत्रल द्रव्यांच्या यादीत येते. म्हणजे गर्भारपणाच्या उत्तरार्धात लघवी साफ होणे महत्त्वाचे आहे, हे निरीक्षण जुने असावे.

३/ मात्र येथे थांबून एक भेद केला पाहिजे. ‘आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे यावरून सिद्ध होत नाही. चरकाने ‘वृक्क’ हा अवयव मेदोवह स्रोतसाचे मूळ मानला. मूत्राचा विचार मुख्यतः बस्तीच्या, म्हणजे मूत्राशयाच्या, संदर्भात झाला. निरीक्षण होते, पण मूत्रपिंड रक्त गाळते ही कल्पना नव्हती.

४/ आता लंडन, १८४३. गायज हॉस्पिटलमधील डॉक्टर जॉन लीव्हर बाळंतपणात झटके येणाऱ्या स्त्रियांचे मूत्र परीक्षानळीत तापवून पाहत होते. अंड्याचा पांढरा भाग उष्णतेने गोठतो, तसे त्या मूत्रात काहीतरी गोठू लागे. ते अल्ब्युमिन हे प्रथिन होते. निरोगी गर्भवतींच्या मूत्रात ते सहसा आढळत नसे. दैवी कोप वा बाहेरची बाधा समजल्या जाणाऱ्या झटक्यांची खूण आता दिव्याच्या ज्योतीवर तपासता येऊ लागली.

५/ १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण मांडले. मूत्रातील प्रथिन आणि वाढलेला रक्तदाब या दोन खुणा जुळल्या आणि झटके येण्यापूर्वीच धोका ओळखण्याची वाट खुली झाली.

६/ मुंबईत १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झाले. स्त्री रुग्णांसाठी स्त्री डॉक्टर, हे त्याचे तत्त्व. प्रमुख होत्या एडिथ पीची. त्याच वर्षी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी झालेले स्वतःचे मूल दहा दिवसांत गमावलेल्या स्त्रीने हा विषय निवडावा, यामागचे दुःख सांगण्याची गरज नाही.

७/ या कथेतील माझ्या मते सर्वांत उपेक्षित नाव म्हणजे डॉ. जेरुशा झिराड. जन्माने बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. १९१९ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची प्रसूतिशास्त्रातील एम.डी. मिळवली, १९२८ मध्ये कामा हॉस्पिटलची सूत्रे त्यांच्याकडे आली. मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांचा त्यांनी केलेला अभ्यास १९४१ मध्ये अहवालरूपाने प्रसिद्ध झाला. ‘बाळंतपणात गेली’ या दोन शब्दांत मिटवली जाणारी मरणे त्यामुळे कारणवार मोजली गेली.

८/ मोजणीतून प्रश्न उभा राहतो: कोणती मरणे टळली असती? त्यावर एक उत्तर होते, प्रसूतिपूर्व तपासणी. आज ती सवयीची वाटते. पण काही दुखत नसताना दवाखान्यात जावे आणि लघवी तपासून घ्यावी, ही त्या काळी मोठी सामाजिक उलथापालथ होती.

९/ निरोगी गर्भारपणात मूत्रपिंडांचे काय होते, हे कळायला आणखी काळ लागला. १९५८ मध्ये अमेरिकेत सिम्स व क्रान्ट्झ यांनी, तर १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये डेव्हिसन व हायटन यांनी गर्भवतींची क्रमवार मोजमापे प्रसिद्ध केली. चित्र थक्क करणारे होते. पहिल्या काही आठवड्यांतच रक्त गाळण्याचा वेग वाढू लागतो आणि सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होतो. मूत्रपिंडाची लांबी साधारण १ सेंटिमीटरने वाढते, मूत्रवाहिन्या रुंदावतात.

१०/ यातून एक सापळा तयार होतो. गाळणे वाढल्याने रक्तातील क्रिएटिनिन उतरते; गर्भवतीत ते बहुधा ०.४ ते ०.६ मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणून ०.९ हा आकडा इतरांना निर्धोक असला, तरी गर्भवतीत तो मूत्रपिंड अडचणीत असल्याची सूचना असू शकतो. कागदावर ‘नॉर्मल’ छापलेले असते, ते गर्भ नसलेल्या शरीराच्या मापाने.

११/ मूत्रपिंडे निकामी होण्याचे आणखी एक कारण कायद्याशी जोडलेले होते: असुरक्षित गर्भपातातून होणारा जंतुसंसर्ग. महाराष्ट्राचे शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा झाला. मूत्रपिंडांच्या इतिहासात संसदेलाही स्थान आहे.

१२/ पुन्हा त्र्यंबककडे. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, पावसाळ्यात डोंगर कोसळत्या धारांनी भरतो. पण याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात हंड्यासाठी मैलोगणती चालावे लागते. रुंदावलेल्या मूत्रवाहिन्यांत लघवी साचते, त्यात पाणी कमी पडले की संसर्गाला वाव मिळतो. गर्भवतीच्या मूत्रपिंडाचा प्रश्न येथे विहिरीच्या तळाशीही जाऊन पोहोचतो.

१३/ आणि एक व्यवहाराची गोष्ट. चेहऱ्यावर वा हातांवर अचानक सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी: गर्भारपणात यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सराट्याचा काढा मनाने घेऊ नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. घरात, शेजारी, पाड्यावर कुणाला दिवस गेले असतील, तर एवढे तरी कळवा.