ग्रीनलंडची प्राणिसृष्टी व जलवायुमानातील बदल

आर्क्टिक प्रदेशात तापमानात थोडा फरक पडला, तरी सागरी बर्फाची व्याप्ती बदलते आणि त्यानुसार प्राण्यांची संख्या व त्यांची वसतिस्थानेही बदलतात. विसाव्या शतकातील पश्चिम ग्रीनलंडचा इतिहास हे याचे बोलके उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकाअखेरपर्यंत येथील इन्यूइट लोकांचे जीवन मुख्यतः सीलच्या शिकारीवर अवलंबून होते. अन्नासाठी मांस, दिव्यासाठी चरबी आणि कपडे व कायाक ही नाव यांसाठी कातडी सीलपासून मिळत असे. १९२० च्या सुमारास अटलांटिकचे उबदार पाणी या किनाऱ्याकडे अधिक प्रमाणात येऊ लागले. दक्षिण भागातील सील कमी झाले. परकीय जहाजांनी केलेली बेसुमार शिकारही यास कारणीभूत होती. याच काळात आइसलँडकडून प्रवाहाबरोबर वाहत आलेल्या डिंभांमुळे कॉड माशांची संख्या वाढली. सु. वीस वर्षांत त्यांचा प्रदेश उत्तरेस १,००० किमी.हून अधिक विस्तारला. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ आडोल्फ येन्सेन यांनी १९३९ मध्ये या स्थित्यंतराचा आढावा प्रसिद्ध केला.

सीलची शिकार करणारे अनेकजण मच्छीमार बनले. १९६० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत कॉडचे वार्षिक उत्पादन ४ लाख टनांवर गेले. त्यात परदेशी जहाजांचा वाटा फार मोठा होता. १९६० ते १९७० या दशकाच्या अखेरीस पाणी पुन्हा थंड झाले आणि अतिमासेमारीने आधीच क्षीण झालेला साठा संपुष्टात आला. कॉडच्या भरवशावर वाढविलेल्या पामियुट शहरास उतरती कळा लागली. कोळंबीच्या मासेमारीकडे वळलेल्या सिसिमियुटची मात्र भरभराट झाली.

२००० नंतर समुद्र पुन्हा उबदार झाल्यावर कॉड काही प्रमाणात परतला. तथापि सध्याची तापमानवाढ पूर्वीच्या चढउतारांहून भिन्न आहे. तिचे मुख्य कारण मानवनिर्मित हरितगृह वायू हे असून १९७९ ते २०२१ या काळात आर्क्टिक प्रदेश जागतिक सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला. वलयांकित सील बर्फावरील हिमविवरांत पिलांना जन्म देतो, तर ध्रुवीय अस्वल मुख्यतः बर्फावरूनच त्याची शिकार करते. वायव्य ग्रीनलंडमधील शिकारीही कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी याच बर्फावर जातात. पूर्वी थंडी परतताच बर्फही परतत असे. आता त्याचा काळ व विस्तार घटत चालला आहे.