मांड्यांवर हात रोवून

आमच्या बीडकडे मुलगा चालता चालता पडू लागला, की बोल लागतो आईच्या कुशीला. इतिहास निराळे सांगतो. हा स्नायुक्षय मेरियनने लंडनमध्ये १८५१ साली वर्णिला, द्युशेनने फ्रान्समध्ये १८६८ साली. मांड्यांवर हात रोवून उठणारे मूल गॉवर्सने १८७९ साली टिपले. १९८७ साली कारण उमगले: स्नायूंत डिस्ट्रोफिन नसते. सदोष जनुक पुष्कळदा आईकडून येते, सुमारे तिसऱ्या हिश्श्यात ते नव्यानेच बिघडते. यात अपराध कोणाचा? स्टिरॉइडांनी चालणे काही काळ टिकते. रोग जात नाही. २०१६ च्या कायद्याने त्याला अपंगत्वांत स्थान दिले. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे. असे मूल वर्गात दिसले, तर आम्हां मास्तरांनी त्याला आळशी न म्हणता तेथवरची वाट दाखवावी.